कोरड्या डोळ्यांसाठी कानाचे ॲक्युपंक्चर : सहा आठवड्यांची चाचणी स्वतःपुरती कशी घ्यावी

मार्च सरत आला की नागपूरच्या हवेतला ओलावा नाहीसा होतो, घरोघर कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा भरला जातो, कार्यालयांतले एसी सुरू होतात, आणि डोळ्यांत कचरा गेल्यासारखे टोचणे, जळजळ, सायंकाळी पापण्या जड होणे, वाचता वाचता अक्षरे पुसट होऊन पापणी मिटल्यावर पुन्हा स्पष्ट दिसणे अशा तक्रारी वाढू लागतात. दोन-तीन प्रकारचे थेंब वापरूनही आराम पडला नाही, की ओळखीतले कोणीतरी कानात सुया टोचून घेण्याचा सल्ला देते. हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही आणि डोळे मिटून मानण्यासारखाही नाही. मी मुद्रितशोधनाचे काम करते, दिवसाचे आठ-नऊ तास संगणकाच्या पडद्यासमोर जातात, आणि हा उपचार मी दोन वेळा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेला आहे. पहिल्या खेपेस झालेल्या चुका दुसऱ्या खेपेस टाळता आल्या, म्हणून हे लिहीत आहे.

माझे मत आरंभीच सांगते. कानाचे ॲक्युपंक्चर ही नेहमीच्या उपचारांना दिलेली जोड आहे. ते उपचार बंद करून त्यांच्या जागी हा घेण्यात अर्थ नाही. तो घ्यायचा असेल, तर आधी निदान करून घ्यावे, मुदत ठरवून घ्यावी आणि त्या मुदतीत रोज नोंद ठेवावी. नोंद नसेल तर सहा आठवड्यांनी आपल्या हाती ‘बरे वाटते बहुतेक’ एवढेच उरते, आणि त्या एका वाक्यावर पुढच्या बैठकांचे पैसे भरले जातात.

आधी डोळे तपासून घ्यावेत

डोळे कोरडे पडणे हा एकच आजार नाही. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ पडदा असतो, त्यात सर्वांत बाहेर तेलाचा थर, त्याखाली पाणी आणि पारपटलाला, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक आवरणाला, चिकटून श्लेष्मल द्रव्य असते. पाणी अश्रुग्रंथींतून येते, तर तेल पापण्यांच्या कडेला ओळीने असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येते. काही रुग्णांत पाणीच कमी तयार होते. बहुसंख्य रुग्णांत मात्र तेलाच्या ग्रंथी तुंबलेल्या असतात आणि पाणी पुरेसे असूनही ते लवकर उडून जाते. उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या शहरात या दुसऱ्या प्रकाराला हवाच साथ देते, हे वेगळे सांगायला नको. कानात टोचलेल्या सुईने तुंबलेली ग्रंथी उघडत नाही. त्यामुळे आपला प्रकार कोणता, हे कळल्याशिवाय सुईकडे जाणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि लेप दुसरीकडे असे होते.

नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यावर दोन आकडे कागदावर लिहून मागावेत. शिर्मर चाचणीत खालच्या पापणीच्या कडेला टीपकागदाची अरुंद पट्टी पाच मिनिटे ठेवतात आणि ती किती मिलिमीटर ओली झाली ते मोजतात. १० मिलिमीटरच्या खाली शंका घेतली जाते आणि ५ च्या खाली पाणी निश्चितपणे कमी मानले जाते. दुसऱ्या चाचणीत फ्लुरोसीन हा रंग डोळ्यात घालून, पापणी उघडी ठेवल्यावर अश्रूंचा पडदा किती सेकंदांत फाटतो ते निळ्या प्रकाशात पाहतात. १० सेकंदांपेक्षा लवकर फाटत असेल तर तो अस्थिर समजतात. याशिवाय पापण्यांची कड दाबून तेल पातळ येते की दंतमंजनासारखे घट्ट, हेही पाहिले जाते. नागपुरातील मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये आणि शहराच्या कडेच्या मिहान या औद्योगिक भागातील एम्स या तिन्ही ठिकाणी नेत्ररोग विभाग आहेत. धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यांतही या चाचण्या होतात. गर्दीच्या वेळी तपासणी ‘ड्रायनेस आहे, थेंब घाला’ यावर आटोपण्याचा संभव असतो. अशा वेळी नम्रपणे पण आग्रहाने आकडे विचारावेत.

त्याच भेटीत आपण घेत असलेल्या सर्व गोळ्यांची यादी दाखवावी. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे, मुरमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनोइन यांमुळे डोळे कोरडे पडू शकतात, आणि काचबिंदूचे काही थेंब त्यांतील संरक्षक रसायनामुळे डोळ्याच्या पृष्ठभागाला त्रास देतात. डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल, कोरडी पोळी पाण्याच्या घोटाशिवाय गिळवत नसेल, सांधे दुखत असतील, तर स्योग्रेन या आजाराचा विचार करावा लागतो आणि त्यासाठी रक्ततपासणी लागते. एकाच डोळ्यात तीव्र वेदना, अचानक कमी झालेली दृष्टी, प्रकाश सहन न होणे, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा लाल झालेला डोळा, चेहऱ्याच्या अर्धांगामुळे न मिटणारी पापणी, यांपैकी काहीही असेल तर ॲक्युपंक्चरचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

निदान झाल्यावरही लगेच सुईकडे वळू नये. आधी दोन आठवडे मूळ उपचार नीट करून पाहावेत : डॉक्टरांनी दिलेले कृत्रिम अश्रू सांगितलेल्या वेळी घालणे, दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा घालावे लागत असतील तर संरक्षक रसायन नसलेला प्रकार मागणे, आणि तेलाच्या ग्रंथी तुंबलेल्या असतील तर सोसवेल इतक्या गरम, साधारण ४० ते ४५ अंशांच्या, ओल्या कापडाने पाच ते दहा मिनिटे शेक देऊन पापण्यांची कड हलक्या बोटाने मुळापासून केसांच्या दिशेने निपटणे. कापड एकदा भिजवून दहा मिनिटे डोळ्यांवर ठेवले तर ते दुसऱ्याच मिनिटाला कोमट होते. ते पुन्हा पुन्हा बुडवून पिळावे लागते, आणि नेमका हाच कंटाळा बहुतेकांना नडतो. ओमेगा-३ च्या गोळ्यांबद्दल बरेच ऐकू येते, परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. गुलाबपाणी, मध, तूप असले घरगुती प्रयोग डोळ्यात करू नयेत, आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर कदापि घालू नयेत.

कूलरबद्दल एक गोष्ट येथेच सांगते, कारण नागपूरकरांचा याबाबत गैरसमज असतो. कूलरची हवा ओलसर असते, त्यामुळे डोळ्यांच्या दृष्टीने तो एसीपेक्षा वाईट नाही. वाईट असतो तो चेहऱ्यावर सरळ येणारा झोत. रात्री कूलरचे तोंड पायांकडे वळवले, तर सकाळी पापण्या चिकटल्यासारखे वाटणे पुष्कळ कमी होते. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली असावी. पडद्यासमोर बसलेले असताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते, म्हणून दर वीस मिनिटांनी सुमारे वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे आणि त्या वेळी पापण्या पूर्ण मिटून उघडाव्यात. अर्धवट मिटलेल्या पापणीने तेल पसरत नाही.

कानाचा डोळ्यांशी संबंध काय

ॲक्युपंक्चर चिनी असले तरी कानाचा आजचा नकाशा बराचसा फ्रेंच आहे. लियाँ शहरातील डॉक्टर पॉल नोजिए यांना १९५० च्या दशकात काही रुग्णांच्या कानावर डाग दिलेला आढळला. सायटिकाच्या दुखण्यासाठी एका गावठी उपचारकाने तो दिला होता आणि रुग्णांना आराम पडल्याचे ते सांगत होते. त्यावरून नोजिए यांनी अशी कल्पना मांडली की कानावर शरीराचा नकाशा आहे आणि तो गर्भाशयातल्या उलट्या बाळासारखा आहे : डोके खाली पाळीत, पाय वर. म्हणून डोळ्याचा बिंदू पाळीच्या मध्यावर येतो. पुढे चिनी वैद्यांनी या नकाशात आपली भर घातली, आणि १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या लियाँ येथील बैठकीत कानावरील बिंदूंच्या नावांत एकवाक्यता आणण्याचा प्रयत्न झाला. भारतात ॲक्युपंक्चर येण्याच्या कथेला मात्र विदर्भाचा एक पुसटसा धागा आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते हे नागपुरातही फारसे कोणी सांगत नाही. ते सारे जखमी सैनिकांवर उपचार करायला गेले होते, सुया शिकायला नव्हे. त्यांच्यापैकी कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून घेतली आणि ती येथे आणली.

उलट्या बाळाचा नकाशा शरीरशास्त्राने सिद्ध झालेला नाही. परंतु कानात मज्जातंतूंची दाटी आहे हे खरे आहे. कानाच्या भोकाभोवतीच्या वाटीसारख्या भागात व्हेगस या मज्जातंतूची शाखा येते, पुढच्या भागात चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूची, आणि पाळीत मानेतून आलेल्या मज्जातंतूची. डोळ्याला पाणी येण्याचे प्रतिक्षिप्त चक्रही ट्रायजेमिनलपासूनच सुरू होते : पारपटलाला काही लागले की त्याची वर्दी मेंदूच्या देठाकडे जाते आणि तिथून फेशियल मज्जातंतूच्या वाटेने अश्रुग्रंथीला हुकूम येतो. डोळ्याला हात न लावता हे चक्र चालवता येते, याचा एक दाखला म्हणजे अमेरिकेत २०२१ मध्ये कोरड्या डोळ्यांसाठी मान्यता मिळालेला व्हरेनिक्लिनचा नाकातला फवारा. तो नाकातील ट्रायजेमिनलच्या टोकांना चेतवून अश्रू वाढवतो. नाकातून जे साधते ते कानातून साधेलच असे यावरून म्हणता येत नाही. कल्पना अगदीच अशक्य कोटीतली नाही, इतपतच त्यातून घ्यावे.

प्रत्यक्ष पुरावा पाहायचा तर कोरियातील दोन चाचण्या उपयोगी पडतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत ४२ रुग्णांपैकी काहींना खरे आणि काहींना लुटुपुटीचे ॲक्युपंक्चर दिले. दोन्ही गटांना बरे वाटले आणि दोहोंतला फरक नोंद घेण्याजोगा नव्हता. २०१२ मधल्या दुसऱ्या चाचणीत १५० रुग्ण होते आणि तुलना कृत्रिम अश्रूंशी होती. चार आठवड्यांच्या उपचाराअखेरीस दोन्ही गट सारखेच होते, मात्र उपचार थांबून आठ आठवडे झाल्यावर सुया घेतलेल्यांची लक्षणे कमी होती. या दोन्ही चाचण्या मुख्यतः चेहऱ्यावरच्या आणि अंगावरच्या बिंदूंच्या होत्या. केवळ कानाचा पुरावा याहून तोकडा आहे.

मी यातून काढलेला अर्थ असा. सुई खरी असो की खोटी, बैठकीत वीस-तीस मिनिटे डोळे मिटून, पंख्यापासून दूर, कोणाशी न बोलता पडून राहणे घडते, आणि संगणकावर काम करणाऱ्या माणसाला आठवड्यात दोन-तीन वेळा एवढी विश्रांती मिळणे हाच अर्धा उपचार असू शकतो. उरलेल्या अर्ध्यात वेदना आणि जळजळ जाणवण्याची तीव्रता कमी होणे हा भाग असावा. म्हणून ज्यांच्या चाचण्यांचे आकडे फारसे वाईट नाहीत पण जळजळ मात्र असह्य आहे, अशांनी हा प्रयोग करून पाहण्यात अधिक अर्थ आहे. ज्यांच्या शिर्मरच्या पट्टीवर दोन-तीन मिलिमीटरच ओल येते, त्यांनी यावर वेळ घालवून मुख्य उपचार लांबवू नये.

उपचारक निवडताना

कान सोनारानेच टोचावेत, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर उपचारपद्धतीचा २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यानुसार महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषदेकडे उपचारकांची नोंदणी होते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. भिंतीवर टांगलेले आठवड्याच्या शिबिराचे प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. याखेरीज तीन गोष्टी आधीच विचाराव्यात. सुया एकदाच वापरायच्या असून त्यांचे बंद पाकीट आपल्या डोळ्यांदेखत उघडले जाते का? सुया बैठकीपुरत्या ठेवल्या जातात, की पट्टीखाली घरी न्यायच्या असतात? आणि थेंब चालू ठेवायचे का? या शेवटच्या प्रश्नाला ‘थेंब बंद करा, त्यांची सवय लागते’ असे उत्तर मिळाले, तर पायात चप्पल घालून बाहेर पडावे. वीस बैठकांचे पैसे एकदम मागणाऱ्यालाही नम्रपणे नकार द्यावा आणि बैठकीगणिक पैसे देण्याची मुभा मागावी.

माझी पहिली खेप फसली ती दुसऱ्या प्रश्नामुळे. मे महिन्याच्या मध्यावर एका उपचारकाने माझ्या कानाच्या वरच्या भागात बारीक टाचणीसारख्या सुया पट्टीखाली बसवल्या आणि दहा दिवसांनी यायला सांगितले. घाम, ओढणीचे घर्षण आणि हेल्मेट यांनी चौथ्या दिवशी कान लाल झाला, पाचव्या दिवशी सुजला, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन आठवडाभर प्रतिजैविके घ्यावी लागली. कानाच्या वरच्या भागात कूर्चा असते. तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे जंतुसंसर्ग झाला तर तो आटोक्यात यायला कठीण जातो. अशा संसर्गात स्यूडोमोनास हा जंतू वारंवार सापडतो, आणि दुर्लक्ष झाल्यास कूर्चा गळून कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. पाळीत कूर्चा नसते, म्हणून तिथला धोका तुलनेने कमी. मार्च ते जून या काळात नागपुरात घरी न्यायच्या सुया घेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हृदयाची झडप बदललेल्यांनी, अनियंत्रित मधुमेह असलेल्यांनी आणि रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी अशा मुक्कामी सुया कोणत्याही ऋतूत टाळाव्यात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, गर्भारपण, निकेलची ॲलर्जी, जखमेवर जाड वण उठण्याची प्रकृती यांची कल्पना आधी द्यावी, आणि पेसमेकर असेल तर सुयांना विजेचा सौम्य प्रवाह जोडू देऊ नये.

बैठकीच्या दिवशी

उपाशीपोटी जाऊ नये. थोडे खाऊन, पाणी पिऊन जावे, कारण पहिल्या सुईला काहींना घेरी येते. याच कारणासाठी खुर्चीऐवजी पलंगावर पडून उपचार घ्यावा. कानातले आणि कुड्या घरीच काढून ठेवाव्यात, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर तीही. कान साध्या साबणाने धुऊन कोरडा करावा. तेल लावलेले असेल तर पट्टी चिकटत नाही.

उपचारक प्रथम कान स्पिरिटने पुसतो आणि बोथट टोकाच्या काडीने दाबून अधिक दुखरी जागा शोधतो. कोरड्या डोळ्यांसाठी घेतले जाणारे बिंदू साधारणपणे असे असतात. पहिला, पाळीच्या मध्यावरचा डोळ्याचा बिंदू : पाळीवर मनाने तीन आडव्या आणि तीन उभ्या पट्ट्या आखून नऊ चौकोन केले तर अगदी मधला चौकोन त्याचा. दुसरा शेन मेन : कानाच्या वरच्या भागातील त्रिकोणी खळग्यात, त्याच्या दोन कडा जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्याजवळ, मन शांत होणे आणि वेदना कमी होणे यांसाठी तो जवळपास प्रत्येक उपचारात घेतला जातो. तिसरा आणि चौथा यकृत आणि मूत्रपिंड यांच्या नावाचे, भोकाभोवतीच्या वाटीच्या वरच्या अर्ध्या भागात. चिनी वैद्यकात यकृताचा डोळ्यांशी संबंध मानतात, म्हणून हे नाव. आपल्या यकृतात काही बिघाड आहे असा त्याचा अर्थ घेऊन घाबरू नये. काही उपचारक भोकाच्या खालच्या खाचेच्या दोन्ही बाजूंचे डोळ्याचेच आणखी दोन बिंदूही घेतात.

पाळीतला बिंदू सांगितला की हमखास एक प्रश्न येतो : मग कान टोचलेल्या बायकांना हा त्रास का व्हावा? प्रश्न रास्त आहे. लहानपणी टोचलेले भोक ही बुजलेली, बधिर झालेली जागा असते, चेतवलेला बिंदू नव्हे, असे उपचारक सांगतात. माझ्यापुरते मी एवढेच नोंदवते की कोरड्या डोळ्यांचा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, आणि कर्णफुलांनी त्याला काही अटकाव झालेला दिसत नाही. व्यवहाराची गोष्ट इतकीच की भोकात किंवा त्याला खेटून सुई घेऊ नये.

कानाच्या सुया केसापेक्षा थोड्या जाड आणि जेमतेम अर्धा इंच लांब असतात आणि त्वचेत फक्त एक-दोन मिलिमीटर जातात. टोचताना चिमटा बसल्यासारखे वाटते, मग कान गरम होतो, क्वचित जड वाटतो. सणसणीत दुखत राहिले तर सांगावे. सोसण्यात पुण्य नाही. सुया वीस ते तीस मिनिटे ठेवतात. या वेळात मोबाइल पाहणे म्हणजे आपल्याच पैशांची नासाडी करणे होय. डोळे मिटून पडावे. सुया काढल्यावर रक्ताचा थेंब येतो, तो कापसाने दाबून धरावा, चोळू नये. जितक्या टोचल्या तितक्या काढल्या हे मोजून पाहावे, कारण केसांआड एखादी राहून जाते. पहिल्या बैठकीनंतर घेरीसारखे वाटत असेल तर दहा मिनिटे बसून मगच दुचाकी काढावी.

आठवड्यात दोन बैठका आणि एकूण सहा आठवडे हे प्रमाण चाचणीपुरते पुरेसे आहे.

घरी लावायच्या बिया

दोन बैठकांच्या मधल्या दिवसांसाठी सुईऐवजी बिया लावून घेणे हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. वॅकेरिया या वनस्पतीच्या मोहरीएवढ्या काळ्या बिया लहान चौकोनी चिकटपट्टीवर बसवलेल्या मिळतात. त्या त्वचा भेदत नाहीत, फक्त दाबतात. घरातला मेथीदाणा किंवा मूग लावण्याचा मोह टाळावा, कारण घामाने तो फुगतो आणि मऊ पडतो. पहिल्यांदा बी उपचारकाकडूनच लावून घ्यावी आणि आरशात पाहून जागा लक्षात ठेवावी.

दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक बिंदूवर अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून साधारण मिनिटभर दाब द्यावा. दाब हलके दुखेल इतका असावा. बी गोल फिरवून घासू नये, त्याने साल निघते. दाब देताना डोळे मिटून ठेवावेत, म्हणजे डोळ्यांनाही तेवढीच सुट्टी मिळते. माझ्या वेळा ठरलेल्या होत्या : सकाळी काम सुरू करण्यापूर्वी, दुपारच्या डब्यानंतर, चार वाजताच्या चहाला आणि रात्री शेक घेताना. एका वेळी एकाच कानाला बिया लावून पुढच्या खेपेस कान बदलावा. थंडीत पट्टी चार-पाच दिवस टिकते. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत ओली होऊन कडा सुटतात, आणि सुटलेली पट्टी पुन्हा दाबून बसवण्यापेक्षा काढून टाकावी. अंघोळीनंतर टिपून कोरडे करावे. हेल्मेटच्या आतल्या गादीखाली बी आली तर पाच मिनिटांत कान ठणकू लागतो; वर्धा रोडने मिहानपर्यंत रोज जाणाऱ्यांनी बिया पाळीतच लावून घ्याव्यात आणि वरचे बिंदू सुट्टीच्या दिवसांसाठी ठेवावेत. घरात लहान मूल असेल तर काढलेल्या बिया लगेच कचऱ्यात टाकाव्यात. सुया मात्र घरी स्वतः कधीही टोचू नयेत, मग त्या दुकानात सहज मिळत असल्या तरी.

वही आणि मृगाचा पाऊस

रोज ठरावीक वेळी, म्हणजे सायंकाळी सात वाजता म्हणा, डोळ्यांच्या त्रासाला शून्य ते दहामधला एक आकडा द्यावा. त्याच ओळीत थेंब किती वेळा घातले, पडद्यासमोर किती तास गेले, उन्हात दुचाकीवर किती फिरणे झाले हे लिहावे. याला एक मिनिट लागते. त्याशिवाय नेत्रतज्ज्ञांकडे बारा प्रश्नांची एक प्रश्नावली असते, तिला ओएसडीआय म्हणतात. तीत मागील आठवड्यातील त्रासाविषयी विचारलेले असते आणि वारा, कोरडी हवा व एसी यांवरच तीन प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण मिळतात. गुणांच्या बेरजेला २५ ने गुणून, उत्तरे दिलेल्या प्रश्नांच्या संख्येने भागले की शंभरपैकी आकडा मिळतो. १२ पर्यंत सामान्य, १३ ते २२ सौम्य, २३ ते ३२ मध्यम आणि त्यापुढे तीव्र असे धरतात. ही प्रश्नावली पहिल्या बैठकीच्या आधी, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटी भरावी. दोन-चार गुणांचा फरक हा दिवसाचा फरक असतो. सात ते दहा गुण उतरल्याशिवाय सुधारणा झाली असे मानू नये.

आता सर्वांत मोठा फसवा भाग. नागपुरात लोक साधारणपणे त्रास टिपेला पोहोचल्यावर, म्हणजे मेच्या मध्यावर किंवा मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, नवतपात, उपचार सुरू करतात. सहा आठवडे होतात तेव्हा जूनचा शेवट आलेला असतो, पाऊस पडून हवा ओलसर झालेली असते आणि डोळ्यांना आपोआप आराम पडलेला असतो. श्रेय सुईला जाते. तसेच कोणतेही दुखणे अगदी विकोपाला गेले असता सुरू केलेल्या उपचाराला यश येण्याचा संभव अधिक असतो, कारण विकोपानंतर बहुधा थोडा उतारच असतो. म्हणून सहाही आठवडे एकाच ऋतूत बसतील असे वेळापत्रक आखावे : एप्रिलच्या आरंभापासून मेच्या मध्यापर्यंत, किंवा दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत. माझी दुसरी खेप नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू होऊन डिसेंबरच्या अखेरीस संपली. प्रश्नावलीचा आकडा ४१ वरून २९ वर आला, आणि अश्रूंचा पडदा फाटण्याची वेळ मात्र सहा सेकंदांची सहाच राहिली. मला जळजळ कमी जाणवत होती, डोळा मात्र होता तितकाच कोरडा होता. हे कळल्यामुळे मी शेक आणि थेंब सोडले नाहीत.

चाचणीच्या काळात नवे थेंब, नवा चष्मा, नवे घरगुती उपाय यांपैकी काहीही सुरू करू नये; डॉक्टरांनी औषध बदललेच तर ती तारीख वहीत लाल शाईने लिहावी आणि मोजणी तिथून पुन्हा सुरू करावी.

सहाव्या आठवड्यानंतर

आकडा उतरला नसेल तर उपचार थांबवावा. ‘आणखी दहा बैठकांनी फरक पडेल’ हे वाक्य सहा आठवड्यांनंतर ऐकू नये. उतरला असेल तर बैठका पंधरवड्यावर न्याव्यात, मग महिन्यावर, आणि बिया चालू ठेवून बैठका पूर्ण बंद केल्यावर आकडा टिकतो का ते पाहावे. काहींचा टिकतो, काहींचा चढतो. चढला तर तो कोणत्या आठवड्यात चढला आणि त्या आठवड्यात पडद्याचे तास किती होते हे वहीत शोधावे, कारण बरेचदा उत्तर कानात नसून तिथे असते.

मध्येच कधीही कान लाल, गरम व ठणकणारा झाला, विशेषतः पाळी सोडून वरचा कडक भाग सुजला, तर बी किंवा सुई त्याच क्षणी काढावी आणि हळद वा मलम लावत न बसता चोवीस तासांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. एमआरआय करायचा असेल तर कानातली प्रत्येक धातूची वस्तू आधी काढून ठेवावी. चाचणी संपल्यावर त्याच नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन, जमल्यास दिवसाच्या त्याच वेळी, शिर्मर आणि पडदा फाटण्याची वेळ पुन्हा मोजून घ्यावी. सकाळी आणि सायंकाळी घेतलेल्या आकड्यांची तुलना करू नये. ही वही बरोबर न्यावी आणि डॉक्टरांच्या हातात द्यावी. मी दिली तेव्हा त्यांनी कानाच्या बैठकांची पाने उलटून सरळ थेंबांच्या रकान्यावर बोट ठेवले आणि दुपारचा थेंब मी आठवड्यातून चार दिवस विसरते हे दाखवून दिले.